बाजूला काढून ठेवलेला इंपेलर

नवनाथला पंपाचं दुखणं कानानं कळायचं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाच्या बेअरिंगवर टेकवायचा, मूठ कानाशी धरायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. अर्ध्या मिनिटानं डोळे उघडून निकाल द्यायचा, "अजून दोन म्हयने काढंल, साहेब." बेअरिंग दोन महिने काढायचं आणि मगच बसायचं. मी चिंचवडच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात बत्तीस वर्षं काढली. मोजमापाची महागडी यंत्रं काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवणारा माणूस मी. नवनाथच्या स्क्रूड्रायव्हरवर विश्वास ठेवायला मला दोन वर्षं लागली, आणि ती दोन वर्षं मी त्याच्याशी उगीचच हुज्जत घालत बसलो.

मोशीतल्या आमच्या सोसायटीत तीन इमारती आणि एकशे बत्तीस फ्लॅट आहेत. पाणी टँकरचं असो की महापालिकेचं, ते आधी जमिनीखालच्या टाकीत येतं आणि तिथून पंपानं गच्चीवर चढतं. तो पंप, त्याचे व्हॉल्व्ह, गच्च्यांवरच्या टाक्या आणि त्या टाक्यांवरून होणारी आमची भांडणं, हे सगळं अकरा वर्षं नवनाथनं सांभाळलं. पंपघराला लागून एक खोली आहे. तिथे तो, त्याची बायको, मुलगी आरोही आणि थोरला भाऊ कोंडाजी असे चौघं राहायचे. मूळचा निघोज्याकडच्या शेतकरी घरातला. चाकणला एका कंपनीत कंत्राटी फिटर होता. कंत्राटदार बदलला, तशी नऊ वर्षांची नोकरी एका दुपारी संपली आणि तो आमच्याकडे आला. आला तेव्हा आरोही आईचं बोट धरून होती आणि आता ती दहावीला आहे.

पाणी सोडायची त्याची एक पद्धत होती. पंप सुरू केला की पंपघरातून वर जाणाऱ्या जाड पाइपवर तो पान्यानं दोन ठोके मारायचा. सातव्या मजल्यापर्यंत प्रत्येक स्वयंपाकघरात ते ऐकू जायचे. मी सेक्रेटरी झाल्यावर म्हटलं, हे काय गावठी, ग्रुपवर 'पाणी सोडले आहे' असा मेसेज टाकत जाऊ. चार दिवस टाकलाही. पाचव्या दिवशी चारुलता, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "अहो, तुमचा मेसेज येईस्तोवर माझी पिंपं भरून झालेली असतात. गप्प बसा."

मी गप्प बसलो, पण सुधारणा करायची खाज जाते थोडीच! ती मी दुसरीकडे भागवली.

नवनाथ सामान आणायचा ते कासारवाडीच्या दौलतरावांकडून. स्टेशनाच्या बाजूला त्यांचं जुनं दुकान आहे, खाली दुकान आणि वर घर. काही लागलं की नवनाथ फोन करायचा, "दौलतराव, दीड इंची व्हॉल्व्ह बाजूला काढून ठेवा." बस्स. दौलतरावांच्या पाठीमागे एक लाकडी फळी आहे. वस्तू त्या फळीवर जायची, तिच्यावर खडूनं नाव पडायचं, आणि एकदा नाव पडलं की ती वस्तू त्या माणसाची. मग तो आज येवो, आठवड्यानं येवो. एकदा नवनाथ टायफॉइडनं दीड महिना आडवा होता. तेवढे दिवस त्याचा व्हॉल्व्ह फळीवर बसून होता. मधल्या काळात तसाच व्हॉल्व्ह मागायला आलेल्या तीन गिऱ्हाइकांना दौलतरावांनी परत पाठवलं. भोसरी-कासारवाडीच्या फिटर लोकांत ही रीतच आहे. 'बाजूला काढून ठेवलंय' असं दुकानदारानं म्हटलं की त्यावर कुणी दुसरा शब्द काढत नाही.

ती रीत आमच्या सोसायटीपुरती मोडली ती मी. एका सभेत ठराव मांडला की यापुढे सगळं सामान ऑनलाइन मागवायचं. अ‍ॅपवर वस्तू निवडायची आणि नाशिक रस्त्यावरच्या नव्या मोठ्या स्टोअरमधून जाऊन उचलायची. वस्तू काय आली, कधी आली, कुणी नेली, सगळ्याची नोंद. ऑर्डर सेक्रेटरीच्या नंबरावरून जाणार, मेसेज सेक्रेटरीला येणार, त्यातला चार आकडी नंबर नवनाथनं काउंटरवर सांगायचा आणि सामान घेऊन यायचं. ठराव टाळ्यांत मंजूर झाला. मला त्या टाळ्या फार आवडल्या, हेही कबूल करतो.

पुढे वर्षभर नवनाथ जुना सुटा भाग फडक्यात गुंडाळून माझ्याकडे यायचा. मी सोफ्यावर, तो दाराजवळच्या स्टुलावर. मी अ‍ॅपवर चित्रं दाखवायचो आणि तो मान हलवायचा, "ह्ये न्हाई. ह्ये बी न्हाई. व्हय, ह्येच!" दोन-चारदा सामान पटकन मिळालं तेव्हा तो खूशही झाला. "दुकानात उभं ऱ्हायला लागत न्हाई साहेब, हे ब्येस हाय," म्हणाला. दौलतरावांकडे जाणं त्यानं बंद केलं. मला वाटलं, माणूस सुधारला.

यंदा जानेवारीच्या शेवटच्या गुरुवारी संध्याकाळी पंपाचा इंपेलर फुटला. इंपेलर म्हणजे पंपाच्या पोटातलं फिरणारं चक्र, पाणी वर फेकतं ते तेच. दुसरा पंप दिवाळीतच जळला होता आणि त्याची दुरुस्ती माझ्याकडेच अडकून पडली होती. नियमाप्रमाणे तीन कोटेशनं हवीत आणि माझ्याकडे दोनच आली होती. म्हणजे आता एकशे बत्तीस घरांना वरून पाण्याचा थेंब नाही.

आणि रविवारी अकरा वाजता वार्षिक सभा होती. विषय क्रमांक तीन होता सोसायटीची देखभाल एजन्सीकडे देणे. हा विषय सलिलचा, म्हणजे आमच्या अध्यक्षांचा. सलिल आयटीत आहे, चाळिशीचा, कामाला वाघ. तो वाईट माणूस नाही. असता तर मला हे लिहिणं सोपं गेलं असतं. त्याचं म्हणणं, एका माणसाच्या कानावर एवढी मोठी सोसायटी चालवणं बरोबर नाही. एजन्सी आली की तिचा माणूस, तिचा सुपरवायझर, आणि सुपरवायझरला पंपघराजवळची खोली हवी, फेब्रुवारीच्या दहा तारखेपासून. निम्मी सोसायटी नवनाथच्या बाजूनं होती. नळाला पाणी असतं तर ठराव पडलाच असता, इतकं मला नक्की माहीत होतं आणि नवनाथलाही.

गुरुवारी रात्रीचं जेवण व्हायच्या आधी तो माझ्या दारात आला. पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली.

"साहेब, आयतवारी सभेच्या आदी पानी वर ग्येलं पायजे. न्हाई ग्येलं तर मला बोलायला तोंडच ऱ्हात न्हाई. पोरीची परीक्षा म्हयन्यावर आली. तेवढी हुंद्या, मग मला काढा, एजन्सी आना, काय बी करा. आत्ता खोली ग्येली तर मी तिला कुठं बसवू आभ्यासाला?"

मी म्हटलं, "उद्या सकाळी ऑर्डर टाकतो. तू पंप उघडून ठेव."

शुक्रवारी सकाळी ऑर्डर टाकली. अ‍ॅपवर लिहिलं होतं, एकच नग शिल्लक, गोदामातून उद्या स्टोअरला येईल. तेवढ्या वेळात नवनाथ, त्याची बायको आणि कोंडाजी खालच्या टाकीतून बादल्या भरून लिफ्टनं घरोघर पोचवत होते. आधी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे, मग तान्ही मुलं असलेल्यांकडे. तरी दारं उघडून लोक त्यालाच बोलत होते. सहाव्या मजल्यावरच्या एका बाईंनी तर बादली घेतली आणि दार त्याच्या तोंडावर लावलं. तो पुढच्या दाराकडे गेला.

कोंडाजी बादली डाव्या हातानं उचलायचा. उजवा हात मनगटापासून नाही. तळवड्याच्या एका छोट्या कारखान्यात पॉवर प्रेसखाली गेला, सात वर्षं झाली. त्या दिवशी शनिवार होता आणि सकाळीच नवनाथनं घरात नवी लोखंडी पहार विकत आणली होती. शनिवारी लोखंड घरात आणू नये, हे त्याला आईनं लहानपणापासून सांगितलेलं. त्या दिवशी तो विसरला. दुपारी फोन आला. त्यानंतर शनिवारी त्यानं लोखंडाचा खिळासुद्धा आणला नाही. याबद्दल मी त्याला पूर्वी चिडवायचो. कोंडाजीच्या अपघाताचं कळल्यावर बंद केलं. आणि चिडवणारा मी कोण? शनिवारी तेलाची पिशवी आमच्याही घरात येत नाही, आणि एकदा मी चुकून आणली तर चारुलतानं ती रविवारपर्यंत गाडीच्या डिकीत ठेवायला लावली होती.

ही डिकी मला शनिवारी आठवायला हवी होती.

शनिवारी सकाळी अकराला माझ्या फोनवर मेसेज आला, 'तुमची ऑर्डर तयार आहे.' मी तसाच चपला घालून खाली गेलो. पंपघरात नवनाथनं पंप पूर्ण उघडला होता. कवच घासून लख्ख केलेलं, बोल्ट ज्या क्रमानं काढले त्याच क्रमानं वर्तमानपत्रावर मांडलेले, जुन्या ट्यूबचं नवं पॅकिंग कापून तयार. फक्त इंपेलरची जागा रिकामी होती. कोपऱ्यात कोंडाजी एका हातानं आणि दातानं बादलीच्या कडीला दोरी बांधत बसला होता.

"आलाय तुझा इंपेलर," मी म्हणालो.

नवनाथ दोन दिवसांत पहिल्यांदा हसला. "बाजूला काढून ठेवलाय न्हवं?"

"ठेवलाय. तसंच लिहिलंय."

"मग उद्या सकाळी नऊला दुकान उघडलं की आनतो. साडेनवाला हितं. धा, सव्वाधाला पंप चालू. सभेच्या आदी टाक्या भरायला लागतील." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "बिडाचा हाय ना साहेब. आज शनवार."

बीड म्हणजे ओतीव लोखंड. मी कोंडाजीकडे पाहिलं. तो दोरीची गाठ आवळत होता. त्याच्यासमोर मी काय बोलणार होतो? 'बरं' म्हणालो आणि वर आलो.

मेसेजमध्ये दुसरी ओळ होती. ती मी वाचली नव्हती. बत्तीस वर्षं मी कामगारांना बजावत आलो, टॅग वरपासून खालपर्यंत वाचल्याशिवाय माल पुढे सोडायचा नाही. एकाला तर त्यावरून मेमोही दिला होता.

संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी दुसरा मेसेज आला. तो मात्र मी पूर्ण वाचला. 'सामान नेण्याची मुदत आज रात्री आठपर्यंत. त्यानंतर ऑर्डर रद्द होईल.'

मी त्या वेळी सभेचा अहवाल टाइप करत होतो. गाडी खाली उभी होती. स्टोअर वीस-पंचवीस मिनिटांवर. चार आकडी नंबर माझ्याच फोनमध्ये. शनिवारची अडचण नवनाथला होती, मला नव्हती. आणि असती तरी डिकी होती. हे सगळं मला तेव्हा सुचलं नाही असं मी पुढे स्वतःला पुष्कळ वेळा सांगून पाहिलं आहे. सुचलं होतं. पण मला वाटलं, हे लोक उगीच घाबरवायला असं लिहितात. वाटलं, शनिवारची संध्याकाळ, भोसरीच्या चौकात गाड्यांची ही रांग असेल. आणि खरं सांगायचं तर मला राग आला. इंपेलर आणायला आता सेक्रेटरीनं जायचं? मग नवनाथ कशाला ठेवलाय? निदान त्याला फोन तरी करायला हवा होता. पण फोन केला असता तर तो म्हणाला असता, 'साहेब, तुमी आनता का?' आणि मला उठावं लागलं असतं.

मी फोन टेबलावर पालथा ठेवला.

"कुणाचा मेसेज?" चारुलतानं आतून विचारलं.

"जाहिरात," मी म्हणालो.

रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी नवनाथचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"साहेब, द्येत न्हाईत. रात्री आठला ऑर्डर रद्द झाली म्हंत्यात. माल रातच्या गाडीनं परत गोदामात ग्येला. आता मंगळवारी म्हंत्यात. साहेब, बाजूला ठेवला व्हता न्हवं? तुमी म्हनला व्हता."

"अरे हो," मी म्हणालो. "सिस्टीमचा काहीतरी घोळ दिसतोय."

त्याच्या मागे ट्रकचे हॉर्न वाजत होते. मग म्हणाला, "मी दौलतरावांकडं जातो. साहेब, एक करा. तीन नंबरचा विषय शेवटाला घ्या. तास-दीड तास मला द्या. तेवढं करा, साहेब. पाया पडतो."

"बघतो," मी म्हणालो.

पुढचं मला नंतर दौलतरावांनी सांगितलं. रविवार, दुकान बंद. नवनाथ जिन्यानं वर गेला आणि दारातच बसला. वर्षभर तो त्यांच्याकडे फिरकला नव्हता, पाणीसुद्धा त्यानं मागितलं नाही, आधी म्हणाला, "दौलतराव, चुकलो." दौलतराव सत्तरीचे. चहाचा कप तसाच टाकून खाली आले, शटर उघडलं. त्या मापाचा इंपेलर नव्हता. एक माप मोठा होता. तो लेथवर कातून त्याचा घेर कमी केला तर बसला असता. एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी असते म्हणून भोसरीत रविवारी लेथ चालू असतात, एवढंच एक त्याच्या बाजूचं होतं. दौलतराव नवनाथच्या मोटारसायकलवर मागे बसून स्वतः गेले. ओळखीच्या लेथवाल्याच्या हातात दुसरं काम होतं, ते सोडवून आपलं चढवायला त्याला दौलतरावांनी अक्षरशः हात जोडले. लेथ फिरत होता तेवढा वेळ नवनाथ भिंतीवरच्या घड्याळासमोर उभा होता. दौलतराव म्हणाले, "मी त्याला म्हटलं, बस जरा. तर म्हणतो, बसलो की येळ पळतो."

अकराला पार्किंगमध्ये सभा सुरू झाली. सतरंज्या, खुर्च्या, चहाचा थर्मास. तीन दिवस बिनपाण्याचे लोक, अंघोळी न झालेले, चिडलेले. मागचं इतिवृत्त आणि हिशेब हे दोन विषय पंचवीस मिनिटांत संपले. विषयपत्रिका माझ्या हातात होती. 'तीन नंबर शेवटी घेऊ' एवढं एक वाक्य म्हणायचं होतं. पण लोकांनी विचारलं असतं, का? मग सांगावं लागलं असतं की नवनाथ पार्टसाठी वणवण करतोय. मग विचारलं असतं, पार्ट तयार कधी होता? मग काल तो का नाही आला? आणि शेवटी कुणीतरी विचारलंच असतं, मेसेज कुणाच्या फोनवर येतात?

"विषय क्रमांक तीन," मी वाचलं.

सलिल म्हणाला, "काका, आधी पंपाचं स्टेटस सांगा. नवनाथ कुठे आहे?"

"पार्ट घ्यायला गेलाय."

"आज? पार्ट केव्हा आला होता?"

"काल सकाळी तयार होता. वेळेत उचलला गेला नाही, म्हणून ऑर्डर रद्द झाली."

"उचलायचा कुणी होता?"

"नवनाथनं," मी म्हणालो.

हे कागदावर खरं होतं. सगळीकडून आवाज उठले. सहाव्या मजल्यावरच्या बाई उभ्या राहिल्या. कडेवर मूल, डोळ्यांत पाणी. "म्हणजे काल पाणी येऊ शकत होतं? आणि हा माणूस गेलाच नाही?" नवनाथच्या बाजूनं बोलायला आलेले लोक खाली बघायला लागले. मला वाटलं, आता बोलावं. अजून वेळ गेलेली नाही. तोंडही उघडलं होतं. सलिलनं माझ्यासमोर पाण्याची बाटली सरकवली आणि मी पाणी प्यायलो.

चारुलता उभी राहिली. "निदान मुलीची परीक्षा होईपर्यंत खोली त्यांच्याकडे राहू द्या."

"काकू, मलाही वाईट वाटतं," सलिल म्हणाला, आणि त्याला खरंच वाटत असावं. "पण दहा तारखेपासून एजन्सीचा माणूस तिथे राहणार. दुसरी जागा आपल्याकडे नाही."

हात वर झाले. ठराव बहुमतानं मंजूर. इतिवृत्तात मी लिहिलं, 'सध्याच्या कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे सभासदांची गैरसोय झाली.' हे वाक्य मला कुणी सांगितलं नव्हतं. सवयीनं आलं.

आम्ही गाड्यांच्या स्टिकरवर भांडत होतो तेव्हा पाइप वाजला.

दोन ठोके.

स्टिकरचं भांडण तिथंच तुटलं. मग खुर्च्या सरकल्या, बायका उठून जिन्याकडे धावल्या, कुणीतरी "आलं, आलं!" म्हणून ओरडलं. सलिल हसून म्हणाला, "चला, सुटलो!" पाच मिनिटांत सतरंज्यांवर मी आणि दहा-बारा पुरुष राहिलो. पार्किंगच्या टोकाला पंपघराच्या दारात नवनाथ उभा होता; मागच्या बाजूनं येऊन तो कधी कामाला लागला, ते भांडणात कुणी पाहिलं नव्हतं. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला, पाना अजून हातात. त्याच्यामागे पायरीवर दौलतराव बसलेले. नवनाथनं माझ्याकडे पाहिलं आणि तिथूनच विचारलं, "साहेब, तीन नंबर झाला का?"

मी मानेनंच 'झाला' म्हटलं. त्यानं पाना फडक्यानं पुसला, पेटीत ठेवला आणि पंपाचा आवाज ऐकायला आत गेला.

एजन्सी यायच्या आदल्या दिवशी त्यानं खोली सोडली. चाकणकडे एका मेव्हण्याच्या घरात पुढचा हॉल मिळाला होता, सात माणसांत. आरोही तिथून बसनं मोशीच्या शाळेत येणार होती. चारुलता म्हणाली होती, परीक्षेपर्यंत पोरीला आमच्याकडे ठेवा. नवनाथ 'नको वहिनी' म्हणाला. कारण सांगितलं नाही.

टेम्पोत सामान फारसं नव्हतं. कोंडाजी मागे हौद्यात बसला होता, डाव्या हातानं गॅसची शेगडी धरून. आरोही दप्तर मांडीवर घेऊन त्यातून एक वही शोधत होती. नवनाथनं मला किल्ल्यांचा जुडगा दिला आणि एक कागद दिला. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या इमारतीचा, कुठला उलटा फिरतो, कुठल्या टाकीचा तरंगता बॉल अडकतो, सगळं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. खाली एक ओळ होती, 'बेअरिंग अजून तीन महिने'.

"नव्या मानसाला द्या, साहेब. त्येला म्हाईत नसंल."

मी कागद खिशात ठेवला. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "नवनाथ, त्या दिवशी सिस्टीमनं फार घात केला रे."

त्यानं टेम्पोच्या फाळक्याची कडी लावली. मग माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्याच्या तोंडावर. मला अवघड होऊ नये एवढीच काळजी असावी, असं काहीतरी होतं.

"त्या दुकानातल्या मॅडमनी मला दावलं व्हतं, साहेब. शनवारी सहा-चाळीसला तुमच्या नंबरवर मेसेज ग्येला व्हता. मी त्यांना म्हनलं, साहेब बाहेर असतील. फोन घरी ऱ्हायला असंल. बाहेरच व्हता न्हवं तुमी?"

"हो," मी म्हणालो. "बाहेर होतो."

"तेच म्हनलं मी त्यांना," नवनाथ म्हणाला आणि टेम्पोत चढला.

चारुलता आरोहीसाठी लाडवांचा डबा घेऊन माझ्या शेजारीच उभी होती. तिनं डबा मुलीच्या हातात दिला, तिच्या गालावरून हात फिरवला आणि टेम्पो गेटबाहेर पडेपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही. शनिवारी संध्याकाळी कुणाचा मेसेज म्हणून तिनंच विचारलं होतं.